कुठल्या हेडखाली?

आमच्या अण्णांना गावात काहीही नवीन दिसलं की ते एकच प्रश्न विचारतात, "हे कुठल्या हेडखाली?" म्हणजे हिशोबात कुठल्या खात्याच्या पैशातून. बागेत घसरगुंडी बसली, कुठल्या हेडखाली. एसटी स्टँडसमोर हायमास्ट लागला, कुठल्या हेडखाली. चुलतभावाच्या लग्नात आइस्क्रीमचा वेगळा स्टॉल दिसला तर माझ्या कानाशी येऊन हळूच, "हे मुलीकडच्या हेडखाली का आपल्या?" सगळे हसतात त्यांना. 34 वर्षं नगरपालिकेत कारकुनी केलेला माणूस, दुसरं काय विचारणार. मी पण हसायचो, आता तेवढं हसू येत नाही एवढं मात्र खरं, आणि ते का हेच आज लिहायला बसलोय.

तर आमचं गाव तीस-पस्तीस हजार वस्तीचं, सरकारी भाषेत 'क' वर्ग. 25 हजार ते 40 हजार म्हणजे क वर्ग, त्यावर लाखापर्यंत ब, लाखाच्या पुढं अ. लहानपणी मला वाटायचं की शाळेतल्या ग्रेडसारखं आहे हे, आणि आमचं गाव नापास होता होता राहिलंय. इमारतीवर बोर्ड 'नगरपरिषद' असा आहे पण तो शब्द बोलण्यात कोणीच वापरत नाही, अजून सगळे नगरपालिकाच म्हणतात, आणि जुनी माणसं तर नुसतं 'पालिकेत जाऊन येतो' म्हणतात, जसं काही शेजारी साखर मागायला चाललेत.

अण्णा 1979 ला चिकटले ते जकात नाक्यावर. आता विशीतल्या पोरांना जकात म्हणजे काय हे सांगावं लागतं. गावाच्या वेशीवर पत्र्याची खोली, रस्त्यावर आडवा बांबू, एका टोकाला दगड बांधलेला, ट्रक आला की थांबायचा, ड्रायव्हर बिल्टी, म्हणजे मालाचा कागद, घेऊन खिडकीशी यायचा, अण्णा मालाचा दर बघून पावती फाडायचे, मग बांबू वर. सिमेंट वेगळं, कापड वेगळं, गूळ वेगळा. मी डबा घेऊन जायचो रात्रपाळीला, कंदिलाच्या उजेडात (लाइट असायचीच असं नाही) अण्णा कार्बन पेपर सरळ करत बसलेले असायचे आणि नाक्याचा शिपाई शेकोटीशी. त्या पत्र्याच्या खोलीत रोज सकाळी भरणा व्हायचा आणि तो सकाळी दहाला पालिकेत पोचायचा. अण्णा म्हणतात, "त्या पैशाला नाव नव्हतं." म्हणजे काय ते मला फार उशिरा कळलं.

नाक्यावर चोरी पण व्हायची, ते अण्णा लपवत नाहीत. पावती न फाडता बांबू वर करणारे हात होते, रात्री आडवाटेनं माल आणणारे व्यापारी होते, ट्रकवाल्यांच्या शिव्या तर रोजच्याच. जकात वाईट कर होता असं शिकलेली माणसं म्हणतात आणि ते बरोबरच असेल, ट्रक ताटकळत ठेवून कुठं देशाचा व्यापार होतो का. 1999 साली सरकारनं राज्यातल्या नगरपालिकांची जकात बंद केली. महापालिकांची चालू राहिली, मुंबईची तर थेट 2017 ला जीएसटी येईपर्यंत होती, पण आमच्यासारख्या छोट्या गावांचे बांबू त्या वर्षी उठले ते उठलेच. मोबदल्यात सरकार दर महिन्याला अनुदान देणार असं ठरलं, आणि ते येतंही. त्यात पगार भागतात, बऱ्यापैकी. पण भरणा आता वेशीवरून यायचा बंद झाला आणि मंत्रालयाकडून यायला लागला, एवढा साधा फरक. अण्णांची बदली वसुली विभागात झाली. घरपट्टी.

ज्या माणसापुढं वीस वर्षं ट्रक थांबत होते त्याला आता लोकांच्या दारात जाऊन थांबावं लागलं. आणि दार उघडायचं नाही. "मालक घरात नाहीत." आतून मालकाचाच खोकला ऐकू यायचा. घरपट्टीची एक गंमत आहे, बाकी सगळे कर कळत नकळत जातात, साबणात जातात, पेट्रोलमध्ये जातात, हा एकच कर असा आहे की तो हातात कागद देऊन मागितला जातो, म्हणून त्याचा राग सगळ्यात जास्त. त्या कागदावर शिक्षण कर असतो तो पालिकेचा नाहीच, ती फक्त गोळा करून सरकारला देते, वृक्षकर असतो, थकलं तर महिन्याला 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड. दर चार वर्षांनी फेरआकारणी करायची असा नियम आहे. फेरआकारणी म्हणजे वाढ. वाढ म्हणजे पुढच्या निवडणुकीला विरोधकांच्या हातात आयतं कोलीत. मग हरकती, सुनावण्या, 'जनभावना लक्षात घेता तूर्तास स्थगित'. अण्णांच्या नोकरीत असं दोनदा झालं आणि दोन्ही वेळा ज्यांनी स्थगित केलं ते निवडून आले. कोणी चुकीचं केलं असं मी म्हणत नाही, मी पण स्थगितीवाल्यालाच मत दिलं होतं.

बजेटच्या सभेला मी आयुष्यात एकदाच गेलोय. दहाएक वर्षांपूर्वी, फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा, कारण बजेट फेब्रुवारीअखेर मंजूर करावंच लागतं. सभा लोकांना बघता येते हे कित्येकांना माहीतच नसतं. मी मागच्या खुर्चीवर बसलो तर शिपाई येऊन विचारून गेला, "आपलं काही काम होतं का?" बघायला आलोय म्हणल्यावर तो गोंधळला आणि चहा घेऊन आला, त्याला वाटलं मी पेपरवाला.

लेखापाल उभे राहिले आणि वाचायला लागले. आरंभीची शिल्लक, महसुली जमा, भांडवली जमा, खर्च, अखेरची शिल्लक. शिलकी अंदाजपत्रक. आमच्या पालिकेचं बजेट मी ऐकलंय तेव्हापासून शिलकीच आहे, कधी काही हजारांनी, एकदा तर सहाशे की सातशे रुपयांनी शिलकी होतं, म्हणजे गावाच्या खिशात शेवटी तेव्हाच्या एका घरगुती सिलेंडरचे पैसे उरले. कोटींचे आकडे ऐकून छाती फुगते, पण अण्णांनी घरी निघताना बजावलं होतं की जमेची बाजू ऐक, खर्चाची सगळेच ऐकतात. तर ती ऐकली. आणि लक्षात आलं की त्यातला फार मोठा भाग आधीच नाव लिहून आलेला असतो. अमुक योजनेचा, तमुक योजनेचा, दलित वस्तीसाठीचा, रस्ता अनुदान, नगरोत्थान. वित्त आयोगाचा पैसा येतो त्यालाही दावं बांधलेलं, 15 व्या वित्त आयोगानं तर 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यावरच खर्चायची असं घालून दिलं. ते चांगल्यासाठीच असणार, नाहीतर सगळ्या गावात नुसत्या कमानीच उभ्या राहिल्या असत्या. पण मग गावानं स्वतः ठरवायचं असं जे उरतं ते म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, आठवडे बाजाराची वसुली. त्यातून महिला बालकल्याणला 5 टक्के, दुर्बल घटकांना 5 टक्के, दिव्यांगांना राखीव, ते योग्यच आहे, मग पाण्याच्या मोटरांचं लाइटबिल, घंटागाड्यांचं डिझेल, कंत्राटी लोकांचे पगार. झालं. उरलं ते अखेरची शिल्लक, सहाशे रुपये.

सभेत भांडण झालं ते मात्र कोटींवरून नाही. स्वागत कमानीवरून. गावाच्या वेशीवर, बरोबर जिथं अण्णांचा बांबू होता तिथं, कमान बांधायची होती आणि तिला कोणाचं नाव द्यायचं यावरून पाऊण तास. पाणी योजनेच्या स्वहिश्श्याचा, म्हणजे पालिकेनं स्वतः घालायच्या वाट्याचा, विषय तीन मिनिटात, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर. एक वयस्कर नगरसेवक होते, त्यांनी एकट्यानं कमानीला विरोध केला, म्हणाले तेवढ्या पैशात दोन शाळांना संडास होतात. बाकीचे हसले नाहीत पण बघायला लागले मोबाइलमध्ये. मला तेव्हा जोतीराव फुल्यांची आठवण आली. 1876 ते 1882 ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते आणि व्हॉइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करायचा विषय आला तेव्हा त्यांनी एकट्यानं विरोध केला होता, पैसा शिक्षणावर घाला म्हणून. दीडशे वर्षं होत आली. स्वागताचा खर्च आणि शाळेचा खर्च अजून एकाच टेबलावर समोरासमोर बसलेत, आणि मतदान अजून तसंच होतं. आमची कमान झाली. छान झालीय तशी. खालून ट्रक सुसाट जातात.

आता रस्त्याकडं येतो, कारण खरा राग तिथला आहे.

आमची गल्ली म्हणजे साडेतीनशे फूट, दोन्हीकडं घरं, टोकाला मारुतीचं देऊळ. चार वर्षं खड्डे होते, मग एका मार्चमध्ये काँक्रीट झालं. एकदम झकास, ट्रिमिक्स का काय ते. पोरं स्केटिंग करायला लागली. शेजारच्या काकूंनी तर पहिल्या दिवशी सकाळी उठून रस्त्यालाच रांगोळी घातली, खोटं नाही सांगत. आणि पुढच्या दिवाळीच्या आधी ब्रेकर घेऊन माणसं आली, कारण पाण्याची नवीन लाइन टाकायची होती. मधोमध चर. लाइन टाकली, माती लोटली, मातीवर कच बसवला, पावसाळ्यात तो खचला. वर्षानं गटारवाले. त्यानंतर कोणीतरी केबलवाले. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज एकच जोक फिरायचा, की आधी पाइप मग रस्ता एवढं दुसरीतल्या पोराला कळतं ते पालिकेला कळत नाही. मी पण तो जोक पुढं ढकललाय, दोनदा.

एकदा रागारागानं अण्णांना म्हणलं की तुमच्या पालिकेत सगळे येडे भरलेत का. अण्णा म्हणाले, "बस." मग त्यांनी कॅलेंडरची मागची बाजू घेतली (वाण्याचं कॅलेंडर, आमच्याकडं सगळे हिशोब त्याच्याच पाठीवर होतात) आणि लिहून दाखवलं. रस्त्याचा पैसा जिल्हा नियोजनमधून आला. तो आला जानेवारीत, आणि 31 मार्चच्या आत खर्ची टाकायचा, नाहीतर परत जातो. पाण्याची लाइन दुसऱ्याच योजनेत, ती फाइल दोन वर्षं तांत्रिक मान्यतेला अडकलेली, कधी येईल कोणालाच सांगता येईना. आता मुख्याधिकाऱ्याच्या जागी तू आहेस, म्हणाले. हातात रस्त्याचा पैसा आहे आणि लाइनचा नाही. थांबलास तर पैसा परत गेला, गल्लीतली माणसं तुझ्या केबिनमध्ये. केलास तर दिवाळीला रस्ता फुटला, तीच माणसं तुझ्या केबिनमध्ये. काय करशील?

मी म्हणलं पाइपाचा पैसा आधी मागायचा.

"मागतातच की. मिळतो तेव्हा मिळतो. पूर्वी आपला पैसा होता, आपण म्हणायचो आधी पाइप, तर आधी पाइप. आता ज्या योजनेचा पैसा आधी आला ते काम आधी." आणि मग ते त्यांचं वाक्य, त्या पैशाला नाव नव्हतं. नाक्यावर जमलेला रुपया कुठल्या कामाचा आहे हे त्याच्या कपाळावर लिहिलेलं नसायचं. गाव ठरवायचं. वाईट ठरवायचं कधीकधी, खायचं पण त्यात कोणी कोणी, पण ठरवायचं गावात.

मला हे सगळंच पटलं नाही, प्रामाणिकपणे सांगतो. रस्ता फोडणाऱ्याकडून खोदाईचे पैसे भरून घेतात, मग तो पूर्वीसारखा का होत नाही याचं उत्तर कॅलेंडरच्या पाठीवर नव्हतं. नवीन रस्त्याला ठेकेदाराची काही वर्षांची जबाबदारी असते, ती चर मारल्यावर कोणाकडं जाते तेही नव्हतं. टेंडर वीस-पंचवीस टक्के बिलो, म्हणजे ठरलेल्या अंदाजापेक्षा कमी, भरून मग ठेकेदार खडीत काय टाकतो हे अण्णांना चांगलं माहीत आहे आणि त्या विषयावर ते एकदम चष्मा पुसायला लागतात. नोकरी केलेल्या जागेबद्दल माणूस एका हद्दीपर्यंतच बोलतो. आणि नुसतं पैशाला नाव असल्यामुळं सगळं बिघडतं म्हणावं तर आमच्यासारखीच अनुदानं घेणारं कराडजवळचं मलकापूर बघा, तिथं मीटर लावून चोवीस तास पाणी दिलं. कराड, सासवड, विटा ही गावं वेगवेगळ्या वर्षी लाखाच्या आतल्या वस्तीच्या गावांत स्वच्छतेत देशात पहिली आली. अण्णांचं यावर म्हणणं, "मीटर लावायला पाइप नाही लागत, छाती लागते." आमच्याकडं मीटरचा विषय दोनदा अजेंड्यावर आला आणि दोनदा 'पुढील सभेत' गेला.

इतिवृत्ताची जुनी रजिस्टरं मी एकदा पाहिलीत, वॉर्डातल्या एका जागेचा जुना ठराव शोधायला गेलो होतो तेव्हा. वाळवी लागलेले जाड बांधीव ग्रंथ. ती भाषा इतकी कोरडी असते की गावात दंगल झाली तरी 'विषय क्रमांक 7' एवढंच लिहितील. 'चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.' चर्चा काय झाली, कोण ओरडलं, कोण उठून गेलं, काही नाही. ठराव म्हणजे काय चीज असते हे मला खरं कळलं ते मात्र महाडला, ऑफिसच्या कामानं गेलो होतो तेव्हा चवदार तळ्याच्या काठी उभं राहून. महाडची नगरपालिका पण आमच्यासारखीच छोटी. 1923 ला मुंबईच्या कायदेमंडळात सदस्य सीताराम केशव बोल्यांचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करा, त्यानुसार 1924 ला महाड नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव केला. मंजूर. आणि तळ्यावर कोणालाही जाऊ दिलं गेलं नाही. तीन वर्षं तो ठराव नुसता रजिस्टरमध्ये पडून होता, शेवटी 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन जाऊन त्यातलं पाणी प्यावं लागलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेनं तो ठराव रद्द केला. तेही मंजूरच झालं असणार. पुढं कोर्टकज्जे, 1937 ला हायकोर्टाचा निकाल. एका छोट्या गावच्या रजिस्टरमधल्या दोन ओळी, एक करणारी आणि एक पुसणारी. तेव्हापासून 'मंजूर' शब्द वाचला की मी विचारतो मंजूर झालं, पण झालं का?

मधली चार वर्षं तर विचारायला पण कोणी नव्हतं. 2021 च्या डिसेंबरपासून ठिकठिकाणच्या नगरपालिकांच्या मुदती संपत गेल्या, आरक्षणाच्या कोर्टातल्या भानगडीत निवडणुका लांबल्या, आणि प्रशासक बसले. सभा नाही, भांडण नाही, कमानीवरून पाऊण तास नाही. बजेट एका माणसाच्या सहीनं. मला वाटलं होतं की कामं झटपट होतील, आणि काही झाली पण. पण आमच्या खांबावरचा दिवा गेला तर फोन कोणाला करायचा? आधी नगरसेवकाला रात्री दहाला फोन करून झापता यायचं, तो झोपेत 'होय होय सकाळी' म्हणायचा, आणि सकाळी खरंच शिडी घेऊन वायरमन यायचा. त्याला काही बजेट कळत नव्हतं, सभेत तो एकदाही बोलला नाही पाच वर्षात, पण आमच्या गल्लीतले किती दिवे बंद आहेत हे त्याला तोंडपाठ होतं. आता ॲपवर तक्रार टाका. टाकली. 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे' असा मेसेज आला तो मी अंधारात उभा राहून वाचला.

मग 2025 च्या डिसेंबरात एकदाचं मतदान झालं, 2 तारखेला, आणि निकाल 21 ला, एकोणीस दिवस पेट्या कुलपात आणि गावात प्रत्येक जण निवडून आलेला. नगराध्यक्ष थेट जनतेतून. 2016 ला थेट होता, 2020 ला कायदा बदलून नगरसेवकांतून, 2022 ला परत थेट, आता अण्णा म्हणतात नगराध्यक्षानं आधी आपण कोणातून आलोय हे मंत्रालयात फोन करून विचारावं. आमच्या प्रभागात दोन जागा, त्यातली एक महिलेची. प्रचाराला वहिनींचा फ्लेक्स होता आणि बोलत होते त्यांचे मिस्टर. निवडून आल्यावर वहिनी मात्र एकट्या आल्या गल्लीत, वही घेऊन, घरोघर विचारत, काय काय कामं आहेत. शेजारच्या काकू म्हणाल्या रस्ता. देवळापाशी म्हणाले रस्ता. आमच्या दारात आल्या तेव्हा अण्णा पायरीवर बसले होते. त्यांनी विचारलं, "घरपट्टीची फेरआकारणी करणार का तुम्ही?"

वहिनी दचकल्या. म्हणाल्या, "नाही नाही काका, अजिबात वाढवणार नाही."

"करा," अण्णा म्हणाले, "मी भरतो."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं की नाही मला दिसलं नाही. पेन तर हलल्यासारखं वाटलं.

परवा सकाळी दूध आणायला निघालो तर गल्लीच्या तोंडापासून देवळापर्यंत पांढरी रेघ. एक विशीतलं पोरगं घमेल्यातनं फक्की सोडत चाललेलं, मागं एक जण टेप धरून. ठिगळं पडलेल्या त्याच काँक्रीटवर, आधीच्या दोन चरांच्या बरोबर मधून. काकू ओट्यावर येऊन बघत उभ्या, काही बोलल्या नाहीत, आता बोलत नाहीत त्या. अण्णा चप्पल घालून फाटकापर्यंत गेले.

"काय रे बाळ, कुठल्या हेडखाली हे?"

पोरानं मान वर करून पाहिलं. "मला काय माहीत आजोबा, मी फक्त चुना टाकायला आलोय."